दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं वाचायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांच्या, मधुमेह १२ वर्षांचा, बीपीची गोळी चालू. महिनाभरापासून जिना चढताना धाप लागते आणि संध्याकाळी पावलं सुजतात. घराजवळ तीन पाट्या आहेत. एकीवर ‘बीएएमएस’, दुसरीवर नुसतं ‘एमडी’, तिसरीवर ‘एमबीबीएस, डीएनबी (मेडिसिन), एफ. डायब.’ नातेवाईक म्हणतात, इथे वेळ घालवू नका, थेट हार्टच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या. आणि तुम्ही विचारताय की यातली सगळ्यात मोठी डिग्री कोणती.

‘मोठी डिग्री’ या शब्दातच घोळ आहे. एमबीबीएसच्या वर एमडी आणि एमडीच्या वर डीएम अशी शिडी आपल्या डोक्यात असते. शिडी आहे हे खरं, पण ती वर जाताना अरुंद होत जाते. डीएम कार्डिऑलॉजी झालेला डॉक्टर हृदयाबद्दल जवळच्या फिजिशियनपेक्षा कितीतरी जास्त जाणतो. पण आईंची धाप हृदयाची आहे की रक्त कमी झाल्याची, की मूत्रपिंडाची, हे अजून ठरलेलंच नाही. म्हणून पाटी वाचताना तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: हा माणूस जी औषधं देतोय ती द्यायला नोंदणीकृत आहे का, त्याचं प्रशिक्षण कोणत्या दिशेचं आहे, आणि आपली तक्रार त्या दिशेला पडते का. फॅमिली फिजिशियन म्हणून आम्ही पेशंटला पुढे पाठवताना याच क्रमाने विचार करतो.

आधी पाया. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच. इंटर्नशिपमध्ये मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग, ग्रामीण आरोग्य केंद्र असं सगळीकडे थोडे थोडे दिवस फिरवतात. त्यातून थोडंथोडं सगळं कळतं, पण हात कशातच पक्का बसत नाही. ब्रिटनमध्ये जीपी (जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे फॅमिली डॉक्टर) व्हायचं तर त्यानंतर निराळं तीन वर्षांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे एमबीबीएसची कायम नोंदणी झाली की दुसऱ्या दिवशी दवाखाना थाटता येतो. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी आणि एमडी करता येतं, पण ते केलेले डॉक्टर कमी. त्यामुळे एमबीबीएस जीपींमध्ये फरक फार मोठा असतो. पाटीवर अक्षरं तीच, पण एक जण पंधरा वर्षं वाचत, नोंदी ठेवत, वेळेवर पुढे पाठवत काम करत आलेला, आणि दुसरा पहिल्या वर्षी शिकलेल्या पाच इंजेक्शनांवरच अडकलेला. हा फरक पाटी सांगत नाही. तो कळतो डॉक्टर जुनी फाइल उघडतो का, वजन-बीपी लिहून ठेवतो का, आणि ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे’ असं कधी म्हणतो का, यावरून.

एमडी किंवा (शस्त्रक्रियेच्या शाखांत) एमएस हे एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं निवासी प्रशिक्षण. हे वर्गात बसून होत नाही. वॉर्ड, ओपीडी, रात्रीच्या ड्युट्या, प्रबंध आणि शेवटी परीक्षा. मेडिसिनचा, म्हणजे मोठ्या माणसांच्या आजारांवर औषधांनी उपचार करणाऱ्या शाखेचा, निवासी डॉक्टर या तीन वर्षांत धाप लागलेले, बेशुद्ध पडलेले, किडनी बंद पडलेले इतके पेशंट बघतो की कोणता माणूस आत्ताच्या आत्ता दाखल करायचा आणि कोणाला उद्या बोलावलं तरी चालेल, हे त्याला नजरेने कळू लागतं. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच कौशल्य कामाचं आहे.

पण ‘एमडी’ या दोन अक्षरांना कंसातली शाखा जोडल्याशिवाय काही अर्थ नाही. एमडी मेडिसिनमध्ये असते, बालरोगात असते, त्वचारोगात असते, तशीच ती पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि कम्युनिटी मेडिसिनमध्येही असते. बायोकेमिस्ट्रीचा एमडी जनरल प्रॅक्टिस करत असेल तर त्यात बेकायदा काही नाही, त्याच्याकडे एमबीबीएस आहेच. फक्त धाप लागलेल्या पेशंटपुरतं त्याला एमबीबीएसच समजायचं. शिवाय आयुर्वेदातही एमडी असते आणि होमिओपॅथीतही. रशिया, फिलिपिन्ससारख्या देशांत पहिल्याच वैद्यकीय पदवीला एमडी म्हणतात. ती आपल्याकडे एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जाते आणि भारतात नोंदणीसाठी त्या डॉक्टरांना एफएमजीई ही चाळणी परीक्षा ३०० पैकी १५० गुण मिळवून उत्तीर्ण व्हावी लागते. ती होऊन आलेला डॉक्टर रीतसर डॉक्टर आहे. तो तज्ज्ञ मात्र नाही. आणि ‘अल्टरनेटिव्ह मेडिसिन’ची एमडी कुठल्याही वैद्यकीय परिषदेत नोंदवता येत नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या पाटीवरचं नुसतं ‘एमडी’ मला खटकलं. आधुनिक वैद्यकातला एमडी सहसा आधी ‘एमबीबीएस’ लिहितो आणि मग ‘एमडी’ला शाखा जोडतो. दोन्ही गाळलं असेल तर विचारायला संकोच नको. ‘डॉक्टर, आपली एमडी कशात?’ या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर मी तरी टाळेन.

तिसऱ्या पाटीवरच्या ‘डीएनबी’बद्दल पुष्कळ गैरसमज आहे. ही नॅशनल बोर्ड या वैद्यकीय परीक्षा घेणाऱ्या संस्थेची पदवी. बोर्डाची सुरुवात १९७५ ची आणि ते स्वायत्त झालं १९८२ मध्ये. प्रशिक्षण मोठ्या खाजगी, ट्रस्टच्या किंवा सरकारी रुग्णालयात, परीक्षा देशभर एकच. थेट एमबीबीएसनंतर केली तर तीन वर्षं, पदविका असेल तर दोन. दर्जा एमडी-एमएसच्या बरोबरीचा. ‘डीएनबी म्हणजे एमडी न मिळाल्यावरची’ असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. ज्या रुग्णालयात प्रशिक्षण झालं तिथे रोज किती आणि कसले पेशंट येत होते, यावर डीएनबीची खरी किंमत ठरते. एमडीचंही तेच आहे.

पदविका हा दोन वर्षांचा मार्ग: बालरोगात डीसीएच, प्रसूतीत डीजीओ, भुलीत डीए, अस्थिरोगात डी. ऑर्थो. अलीकडे वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पुष्कळ पदविका जागांच्या पदवीच्या जागा झाल्या, त्यामुळे पदविकावाले डॉक्टर बहुतेक आधीच्या पिढीतले दिसतात. वीस वर्षं फक्त मुलं तपासणाऱ्या डीसीएच डॉक्टरला नुकत्याच एमडी झालेल्यापेक्षा कमी लेखायचं काही कारण नाही. महाराष्ट्रात याखेरीज मुंबईच्या सीपीएसच्या (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) पदविका आणि फेलोशिप दिसतात. संस्था १९१२ ची, जुनी. पण तिच्या अभ्यासक्रमांची मान्यता वेळोवेळी वादात सापडली आणि बदलली. तिथे ती पात्रता त्या डॉक्टरच्या नोंदणीत चढलेली आहे का, एवढं पाहावं.

एमडी-एमएसच्या पुढे तीन वर्षांची डीएम किंवा एमसीएच. औषधांनी उपचार करणाऱ्या शाखांत डीएम, शस्त्रक्रियेच्या शाखांत एमसीएच. बोर्डाच्या त्याच दर्जाच्या पदवीला आता डीआरएनबी म्हणतात. म्हणजे कार्डिऑलॉजिस्ट डीएम आणि बायपास करणारा सर्जन एमसीएच. न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन, नेफ्रॉलॉजिस्ट आणि युरॉलॉजिस्ट या जोड्याही अशाच. मुतखड्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टची आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलं म्हणून युरॉलॉजिस्टची वेळ घेऊन आलेले लोक खूप भेटतात. खडा, प्रोस्टेट, अडथळा म्हणजे युरॉलॉजी. गाळणी बिघडणं, लघवीतून प्रथिन जाणं, डायलिसिस म्हणजे नेफ्रॉलॉजी. कॅन्सरमध्ये तर तीन वेगळ्या वाटा आहेत: केमोथेरपीचा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, शस्त्रक्रियेचा सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि किरणोपचाराचा रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. ज्याच्या दारात पहिल्यांदा जाल त्याच्या हातातलं साधन आधी पुढे येण्याचा धोका इथे खरा असतो. म्हणून कॅन्सरचा निर्णय या तिघांनी मिळून घेतलेला बरा.

आता ‘एफ. डायब.’. हा पाटीवरचा सगळ्यात निसरडा भाग. ‘एफ’ने सुरू होणाऱ्या अक्षरांमागे फार वेगवेगळ्या गोष्टी असतात. नॅशनल बोर्डाची एफएनबी ही पदव्युत्तर पदवीनंतरची पूर्णवेळ फेलोशिप. दुसऱ्या टोकाला काही आठवड्यांचे किंवा घरबसल्या करायचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम. आणि मधेच कुठे तरी संस्थांचं सदस्यत्व, जे फी भरून, फार तर शिफारशीवर मिळतं. मधुमेहाचा छोटा अभ्यासक्रम केल्याने डॉक्टर अद्ययावत राहतो, त्यात वाईट काही नाही. पण ‘डायबेटॉलॉजिस्ट’ या शब्दामागे एकच ठरलेली पदवी नाही. ‘एंडोक्रिनॉलॉजिस्ट’ (संप्रेरकांच्या आजारांचा तज्ज्ञ) या शब्दामागे मात्र डीएम किंवा तिच्या बरोबरीची पदवी असते. तुमच्या तिसऱ्या पाटीवर खरं वजन ‘डीएनबी (मेडिसिन)’ला आहे. ‘एफ. डायब.’ गाळलं तरी माझं मत बदलणार नाही.

परदेशी अक्षरांचंही तसंच. एमआरसीपी ही ब्रिटनमधली मेडिसिनची परीक्षा तिथल्या प्रशिक्षणाच्या पूर्वार्धात दिली जाते. तिच्यानंतर शाखेचं प्रशिक्षण उरतं. ते संपल्याची खूण म्हणजे सीसीटी हे प्रमाणपत्र. सर्जरीत एमआरसीएस सुरुवातीची आणि शाखेसह लिहिलेली हल्लीची एफआरसीएस शेवटची. त्यामुळे ‘लंडन रिटर्न’ म्हणजे काय, ते किती वर्षं, कोणत्या पदावर आणि कोणत्या विभागात काम केलं यावर अवलंबून.

बीएएमएसकडे वळतो, कारण तुमच्या घराजवळची पहिली पाटी तीच आहे आणि या विषयावर लोक लगेच दोन तट पाडतात. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी, तीही साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नसून महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये. १९६१ च्या महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायद्याखाली आणि नंतरच्या अधिसूचनांनी नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरण्याची मुभा राज्यात आहे. होमिओपॅथीचं चित्र वेगळं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांसाठी वाट काढली गेली, पण तिला विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात, होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हाच मुळात निष्काळजीपणा ठरवला होता. म्हणून साधी कसोटी अशी: डॉक्टर कोणती औषधं देतो आणि त्यासाठी त्याच्याकडे त्या औषधपद्धतीच्या परिषदेची नोंद किंवा राज्याची मुभा आहे का. सर्दी-ताप, जखमेची मलमपट्टी, ठरलेली बीपीची गोळी चालू ठेवणं यासाठी जवळच्या चांगल्या बीएएमएस डॉक्टरवर विसंबलेली असंख्य घरं आहेत. नव्याने सुरू झालेली धाप आणि सूज मात्र त्या यादीत बसत नाही.

नोंदणी तपासायची कशी? डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावला पाहिजे आणि चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर, पावतीवर छापला पाहिजे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच संहितेत असंही आहे की त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांचं नियमन करणारा राष्ट्रीय आयोग) २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, तेव्हा जुनीच संहिता लागू राहिली. क्रमांक घ्या आणि राज्य परिषदेच्या किंवा राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत शोधा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे अलीकडच्या नोंदणीचे क्रमांक वर्ष, महिना आणि पुढे आकडा असे तिरक्या रेघांनी लिहिलेले असतात. क्रमांकासमोर नाव, वर्ष आणि पात्रता दिसायला हवी.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, पदव्युत्तर पदवी आपोआप चढत नाही; डॉक्टरला ती ‘अतिरिक्त पात्रता’ म्हणून वेगळी नोंदवावी लागते, आणि राष्ट्रीय यादी अनेकदा मागे असते. त्यामुळे नुसतं एमबीबीएस दिसलं म्हणून लगेच खोटेपणाचा आरोप करू नका, आधी राज्य परिषदेची नोंद पाहा, मग डॉक्टरला विचारा. दुसरं, लग्नानंतर बदललेलं नाव किंवा स्पेलिंगचा फरक. नावाने शोध लागत नसेल तर क्रमांक आणि वर्षाने शोधा. तिसरं उलट्या बाजूचं: क्रमांक खरा, पण माणूस दुसराच. तेव्हा नाव आणि पात्रता दोन्ही जुळतायत का ते बघितल्याशिवाय नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट्सचं निरंतर शिक्षण लागतं. नूतनीकरण चुकलेलं दिसलं तर तो बहुधा कागदी आळस असतो. पण शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल तर मी तेवढंही विचारेन.

एवढं सगळं जुळलं तरी ‘थेट हार्टवाल्याकडे’ का नाही, हे आकड्यांनी सांगतो. समजा एक तपासणी आहे. आजार असलेल्या १०० पैकी ९५ जणांत ती तो पकडते आणि निरोगी १०० पैकी ५ जणांत चुकून पॉझिटिव्ह येते. जीपीच्या दारात येणाऱ्या हजारात तो आजार एकाला आहे असं धरा. पॉझिटिव्ह येतील सुमारे ५१, त्यातला खरा आजारी एक. आता हीच तपासणी तज्ज्ञाकडे करा, जिथे चाळून पाठवलेल्या हजारात १०० जणांना आजार आहे. खरे पॉझिटिव्ह ९५, खोटे ४५. म्हणजे तीनातले दोन खरे. यंत्र तेच, रिपोर्टही तोच, पण अर्थ पार बदलला. आधी कोणीतरी चाळलेले पेशंट बघायची तज्ज्ञाच्या नजरेला सवय असते. न चाळता तिथे गेलात तर साध्या तक्रारीवरही खोल तपासण्यांची साखळी सुरू होते, कारण त्याच्या अनुभवात अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण खरोखर आजारी निघालेले असतात. जीपीची चूक उलट्या बाजूने होते: बहुतेक धापा साध्या निघतात, म्हणून एखादी खरी निसटते. दोघंही एकमेकांच्या चुका भरून काढतात, पण मधे पुढे पाठवल्याची चिठ्ठी असेल तरच.

आता आईंबद्दल. किती घाई करायची हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. बसल्या जागी धाप, आडवं झाल्यावर गुदमरून उठून बसावं लागणं, छातीत दडपण, दरदरून घाम, गुलाबी फेसाळ थुंकी, ओठ निळसर होणं यातलं काहीही असेल तर पाट्या वाचत बसू नका. ज्या रुग्णालयात चोवीस तास इमर्जन्सी आणि आयसीयू आहे तिथे आत्ताच्या आत्ता जा. जुन्या मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसती अचानक धाप किंवा घाम एवढंच दिसतं.

यातलं काही नसेल तर एक-दोन दिवसांत तिसऱ्या पाटीच्या डॉक्टरकडे जा, नोंदणी जुळत असेल असं धरून. एमडी किंवा डीएनबी मेडिसिन ही या तक्रारीसाठी नेमकी दिशा आहे, कारण धाप आणि सूज एकत्र म्हटलं की पाच-सहा दारं उघडी असतात: हृदयाची पंपिंगची ताकद कमी होणं, मधुमेहाने किडनी बिघडणं, रक्त कमी होणं, थायरॉइड, फुप्फुस, आणि औषधं. औषधांचं दार लोक विसरतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन पाय सुजवते. मधुमेहाची पायोग्लिटाझोन पाणी साठवते आणि हृदय कमजोर असेल तर ते आणखी बिघडवते. म्हणून जाताना प्रत्येक गोळीचं पाकीट न्या, ‘पांढरी छोटी गोळी’ असं सांगून भागत नाही. मनाने गोळी बंद मात्र करू नका. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) एवढ्यावर बहुतेक वेळा दिशा ठरते. इकोत पंपिंग कमी निघालं तर कार्डिऑलॉजिस्ट. क्रिएटिनिन चढलेलं आणि लघवीतून प्रथिन जात असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट. हिमोग्लोबिन ७ निघालं तर ते कशाने उतरलं याचा शोध फिजिशियनच सुरू करेल.

पुढे पाठवलं तर चिठ्ठी मागून घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: तक्रार केव्हापासून, चालू औषधं डोससह, झालेल्या तपासण्या तारखांसह, आणि नेमका प्रश्न काय. ‘तपासून सल्ला द्यावा’ एवढीच ओळ असलेली चिठ्ठी जवळपास निरुपयोगी. तज्ज्ञाने औषधं बदलली की तो कागद परत फिजिशियनला दाखवा, नाहीतर जुनी बीपीची गोळी आणि नवी बीपीची गोळी दोन्ही चालू राहतात. असं वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडतं. आई कुठे दाखल झाल्या तर डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, पूर्ण नोंदी लेखी अर्ज करून मागा. त्याच २००२ च्या संहितेनुसार ७२ तासांत त्या द्याव्या लागतात.